राहेल म्हणजे मेंढी

कार्तिक लागला की कऱ्हाटीच्या आमच्या अंगणवाडीसमोरून एखाददुसरा मेंढरांचा कळप अजूनही जातो. पूर्वी दिवसाला चार जायचे. पोरं खिचडीच्या ताटल्या टाकून दाराशी पळतात, मदतनीस बाई त्यांच्या नावानं ओरडतात, आणि मी रजिस्टर मिटून उठते. मेंढरांच्या पाठीवर दिवाळीच्या पाडव्याला लावलेला हुरमुंजाचा रंग असतो, तांबडा, अजून न पुसलेला. धुळीचा, लेंड्यांचा, लोकरीचा असा एकच वास येतो. माझ्या जोडीच्या बायका नाकाला पदर लावतात. मी लावत नाही. त्या वासात मी वाढले, आणि खरं सांगायचं तर त्याच वासात जळायलाही शिकले.

यंदा कळप जायला आणि एक नवी आई बाळाला घेऊन यायला एकच गाठ पडली. बाळाचं वजन करायचं होतं. नाव विचारलं तर म्हणाली, अजून ठरलं नाही, र अक्षर आलंय. मोबाइल पुढं करून म्हणाली, "मॅडम, रेचल कसं वाटतं? जरा वेगळं आहे ना?" तिनं बोटानं यादी सरकवली. रेचल, राहेल, राकेल, रशेल, राहील. देशोदेशीची रूपं, मूळ हिब्रू. मग खाली अर्थ आला आणि ती फिसकन हसली. "अगं बाई, मेंढी. नको गं बाई." यादी तिथंच राहिली आणि ती रियांशीवर गेली.

ते हसणं, तीस वर्षांनी, मला बरोबर त्याच जागी लागलं. नावात मेंढी असणं म्हणजे काय, हे त्या पोरीला काय ठाऊक. त्या एका अर्थासाठी मी आठवीचं अख्खं वर्ष जळले होते.

माझं नाव मंगल. मंगळवारी जन्मले म्हणून मंगल, यापलीकडं त्यात काही नाही. माझ्या माहेरी, कन्हेरीला, आमच्या वस्तीवर नावं अशीच पडायची. बुधवारची बुधाबाई, सोमवारचा सोमा. कुणी बसून विचार केला, पंचांग उघडलं, असलं काही नाही. वार बघितला की काम झालं. बारामतीच्या शाळेत आठवीला वर्गात तीन मंगल होत्या. हजेरी घेताना बाई मंगल एक, मंगल दोन, मंगल तीन म्हणायच्या. मी दोन नंबरची. आडनावानं हाक मारली असती तरी चाललं असतं, पण तिघींतल्या दोघींचं आडनावही एकच होतं, आणि त्या दोघींत मी होते.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. दिवाळीच्या सुट्टीला महिनाभर होता आणि वर्गात एक नवी मुलगी आली. तिची आई सरकारी दवाखान्यात सिस्टर, इंदापूरहून बदली होऊन आलेली. वडील नव्हते, ती पाळण्यात असतानाच वारले होते. मायलेकींना खोली मिळाली ती नेमकी आमच्या कन्हेरीत. बाईंनी नाव विचारलं तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "राहेल." अख्खा वर्ग मागं वळला. बाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तसंच सांगितलं, न लाजता. तिला नंबर द्यावा लागणार नव्हता. साऱ्या शाळेत ती एकटीच होती.

आधी मला तिच्या इस्त्रीच्या गणवेशाचा हेवा वाटला. मग तिच्या डब्याचा. मग तिच्या "आहे"चा. आम्ही हाय म्हणायचो, न्हाय म्हणायचो, बाई टोकायच्या आणि आम्ही पुन्हा तेच म्हणायचो. ती आहे म्हणायची आणि ते तिच्या तोंडात शोभायचं, हे जास्त वाईट. पंधरा दिवसांत कविता म्हणायला तिला उभं करायला लागले, वहीला तिच्या शेरा मिळायला लागला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई चुलतीला म्हणायची. ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

आणि तरी आमची मैत्री झाली. करणार काय, गाव एक, एस.टी. एक, आणि एस.टी. चुकली की पायवाट एक. ती मला गणितं समजावून सांगायची, मी तिला उसाचं कांडं दातानं कसं सोलायचं ते शिकवलं. बाकावर पोरी माझ्यापासून जराशा सरकून बसायच्या, कारण माझ्या दप्तराला मेंढरांचा वास यायचा. राहेल सरकायची नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटायचं, हिला सगळंच कसं चांगलं जमतं.

एकदा चालत येताना मी विचारलं, "तुझ्या नावाचा अर्थ काय गं?" मला वाटलं राणी असेल, परी असेल, काहीतरी फुलाबिलाचं असेल. ते ऐकून जळायची मी तयारी केली होती.

"मेंढी," ती म्हणाली.

मी रस्त्यात थांबले. तिनं सांगितलं ते असं. हिब्रू म्हणून लांबच्या देशातली जुनी भाषा आहे. त्यात राहेल म्हणजे मेंढी, कोकरू नव्हे, चांगली मोठी झालेली. मूळ उच्चार घशातून निघतो, राखेल असा काहीसा. तिची आई तो करून दाखवायची आणि दोघी हसायच्या. फार पूर्वी तिकडं ज्यांचं सगळं धन म्हणजे मेंढरं, ती माणसं लाडक्या लेकीला असं नाव द्यायची. तिच्या आजोबांनी ते हिला दिलं.

आमच्या घरात कितीएक पिढ्या मेंढरं. कोकराला बाटलीनं दूध पाजून, लेंड्या झाडून माझी सकाळ व्हायची. आणि मेंढी कुणाच्या नावात, तर जिनं आयुष्यात कोकराला बोट लावलं नव्हतं तिच्या. वास माझ्या वाट्याला आणि अर्थ तिच्या. माझा नुसता तिळपापड झाला.

तात्या म्हणजे माझे वडील. माणसांशी त्यांचं बोलणं जेवढ्यास तेवढं, मेंढरांशी मात्र अखंड. त्यांच्या चाळीस मेंढरांत एक बिननावाची नव्हती. आखूड कानांची ती बुची, डागांची ती बांडी, तांबूस ती लाखी, मातकट ती भुरी. संध्याकाळी माळाच्या कडेला उभं राहून ते एकेकीला हाक मारायचे आणि ज्या मेंढीचं नाव घेतलं तीच मान वर करायची. परगावचे लोक थांबून बघायचे. आजूबाजूला ऊस वाढत होता, पड जमीन सरत होती, काका कारखान्यावर कामाला लागले होते. ते म्हणायचे, "दादा, हे आता बास कर." तात्या ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मेंढरं सोडायचे.

आमच्या घरात एक रीत होती. लेक जन्मली की बारशाला पाळण्याच्या पायाशी एक मादी कोकरू बांधायचं. ते लेकीचं. त्याच्या पोटची तीही लेकीची. माझ्या त्या कोकराची नात म्हणजे बुची, आणि त्या साली बुची गाभण होती. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं पुजायची, त्यात पहिलं कुंकू लेकीच्या मेंढीला आणि लेकीच्याच हातानं. वर्षात एक दिवस असा यायचा, की मी दोन नंबरची नसायचे.

त्या पाडव्याला मीच राहेलला बोलावलं. मला वाटलं, बघू दे जरा आमचाही थाट. आईनं शेणी पेटवून नव्या गाडग्यात मेंढीचं दूध ठेवलं होतं. ते उतू घालवायचं, ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला त्या साली मेंढरं न्यायची. हुरमुंज कालवून ठेवला होता. मी नवं परकर-पोलकं घालून कुंकवाचा करंडा धरून उभी, आणि तात्यांनी त्या पोरीला विचारलं, "बाय, नाव काय म्हनलं तुझं?"

"राहेल."

"म्हंजी काय?"

"मेंढी," राहेल म्हणाली, शाळेत नाव सांगितलं होतं तशीच, न लाजता.

आईनं तोंडाला पदर लावला. काका हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी डोक्याचा पटका सारखा केला, गावचा कुणी मोठा माणूस दारात आला की करायचे तसा.

"कुनी ठिवलं?"

"आजोबांनी."

"मेंढरं हायती त्यांची?"

"नाही. ते मास्तर होते."

तात्या आईकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? मास्तर व्हता. शिकला-सवरला माणूस. साऱ्या जगाची नावं त्याला ठावं असत्याली, आन् त्यानं इचार करून नातीला मेंढी म्हनलं." आयुष्यभर त्यांना कुणीकुणी "मेंढरामागचा" म्हणून हाक मारली होती. ते त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. आज येतं. त्या दिवशी मी फक्त पुढचं वाक्य ऐकलं. तात्या म्हणाले, "मंगल, करंडा दे तिला. आज पैलं कुकू ह्या पोरीच्या हातानं."

मी दिला. काय करणार. राहेलनं माझ्या बुचीच्या कपाळाला कुंकू लावलं, दूध फसफसून उगवतीच्या अंगाला उतू गेलं, आणि तात्या म्हणाले, "इंदापूरकडं." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळं नव्हतं.

त्यानंतरची थंडी माझ्या आठवणीत नुसती एका नावानं भरलेली आहे. राहेल आता रोज यायची. तात्या तिला कोकराचा दात दाखवायचे, लोकरीत हात घालून ऊब बघायला सांगायचे. मी आठ वर्षं विचारायचे तेव्हा "व्हय, व्हय" म्हणून पुढं जाणारा माणूस हिला बसवून सगळं सांगायचा. माझ्या घरात प्रत्येकानं तिचं नाव आपापल्या तोंडाला बसवून घेतलं. आईची ती रायली झाली, चुलतीची राह्याबाई, काकांची राहील. तात्या ट्रॅक्टरला टेक्टर म्हणायचे, स्टेशनला ठेसन म्हणायचे, पण राहेल मात्र स्वच्छ, मास्तरासारखं. बहुतेक एकटे असताना घोकत असावेत. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते हेच.

बुचीसाठी म्हणून मेंढरं त्या साली उशिरा हलायची होती, संक्रांतीनंतर. पौषात बुची व्याली. कोकरी झाली, पांढरी, एका कानावर काळा ठिपका. माझ्या मेंढीची कोकरी, म्हणजे माझी. तात्यांनी तिला पोत्यानं पुसलं, उभी केली आणि म्हणाले, "हिचं नाव राहेल."

मी ताडकन म्हणाले, "माझी हाय ती. माझं नाव ठिवा."

"येडी का काय," तात्या म्हणाले. "लेकीचं नाव मेंढराला ठिवत्यात व्हय? उद्या बाजारात न्यायची येळ आली तर?"

"मग राहेलला न्याल बाजारात?"

"तिचं नाव मुळातच मेंढीचं हाय. तिला काय धाड भरलीया."

हे त्यांना अगदी रास्त वाटत होतं. तुम्ही हसाल. शहरात एखाद्या पोरीचं नाव मेंढीला दिलं तर पोरगी रडत घरी जाईल. आमच्याकडं तो मान होता. चाळीस मेंढरांचा धनी संध्याकाळी ज्या नावानं हाक मारतो ते नाव त्याच्या जिवाशी असतं. रोज दिवस मावळायच्या सुमाराला माळावरून हाक यायची, राहेलऽ, आणि मी चुलीपुढं भाकरी थापताना ती ऐकायची. मला तात्या हाक मारायचे ती "अगं ए" अशी.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. राहेल एकटी गाणार होती. त्याच्या आदल्या दिवशी मी मंगल एकला सांगितलं, "कुणाला सांगू नगंस, पर राहेल म्हंजे मेंढी." एवढंच. पुढचं मला काही करावं लागलं नाही. ती मांडवात उभी राहिली, पहिली ओळ गायली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी बँऽऽ केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सगळीकडून. बाई उठून ओरडत होत्या. राहेल थांबली. तिची नजर रांगांवरून फिरत फिरत माझ्यावर आली, कारण अर्थ ठाऊक असलेली शाळेत मी एकटीच होते. मी बँ केलं नव्हतं. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होते. तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटपर्यंत म्हटलं. मला वाटलं होतं रडेल, पळून जाईल. तिनं तेही मला मिळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त ती माझ्याशेजारीच बसली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संक्रांत झाली. तात्या मेंढरं घेऊन इंदापूरच्या अंगाला गेले. तिकडं धरणाचं पाणी उतरलं की काठाला हिरवं मिळतं. परीक्षा झाली आणि राहेलच्या आईची बदली पुन्हा इंदापूरला झाली. जायच्या दिवशी राहेल आमच्या वस्तीवर आली. आई तिला शेंगा बांधून देत होती. ती मला म्हणाली, "माझी मेंढी केवढी झाली असेल गं? तात्या आले की मला कळव. मी बघायला येईन."

माझी मेंढी, म्हणाली ती.

"कशाची मेंढी," मी म्हणाले. "पाव्हण्यानं नेली."

तिला समजलं नाही. मी समजावून सांगितलं. आमच्या घरात लांडग्याचं नाव घेत नाहीत, पाव्हणा म्हणतात. उघड नाव घेतलं तर त्याला बोलावणं जातं. आणि त्यानं काही नेलंच नसताना नेलं म्हणणं, हे तर कुणी करतच नाही. आमच्यातलं दारुडं माणूससुद्धा करणार नाही. मेंढरावर त्याचा वाटा आपण तोंडानं लिहून दिल्यासारखं होतं ते. मला हे पाळण्यापासून ठाऊक होतं. तरी मी राहेलला सगळं रचून सांगितलं. कुठल्या ओढ्यात, कुठल्या वेळी, नुसता कान कसा सापडला, ठिपक्याचा. ती शेंगांची पुरचुंडी हातात घेऊन रडली. मंचावर रडली नव्हती ती. तरी मी शब्द मागं घेतला नाही.

ज्येष्ठात तात्या परतले. कोकरी चांगली वाढलेली, तुरुतुरु पुढं. हात-पाय धुऊन झाल्यावर ते माझ्यापाशी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "इंदापुरात सिस्टरबाई भेटल्या. लई हळहळल्या." मी मान वर केली नाही. "पाव्हण्याचं खोटं नाव घेऊ नगं, बाय. त्यो ऐकतो." एवढंच बोलले. ना शिवी, ना हात उगारला. पण त्या पावसाळाभर त्यांनी आपलं अंथरूण मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी नेलं, त्या कोकरीच्या अंगाला. माझ्या जिभेनं जे बोलावलं होतं त्यापासून ते तिची राखण करत राहिले. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, घरात डास हायती.

दहावी झाली, पुढं दोन वर्षं घरी गेली, मग माझं लग्न झालं आणि मी कऱ्हाटीला आले. ते दशक सरता सरता पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हाची एक गोष्ट माझ्या मनात कुसळासारखी राहिली होती. तात्यांच्या मागं मागं एक नवी मेंढी फिरत होती. जवान, ठिपक्याच्या कानाची, गळ्यात लाल दोरा. ते बसले की ही बसायची. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. हिला मारली नाही, नुसतं जिभेनं चक् केलं. मी विचारलं, "ही कोन?"

"राहेलच्या पोटची."

"नाव काय हिचं?"

"हाय एक."

"सांगा की."

"हाय म्हनलं न्हवं," म्हणाले आणि उठून गेले. ज्या माणसाच्या कळपात बिननावाची मेंढी नव्हती, तो माझ्यापासून नाव लपवत होता. मी समजले. आणखी कुठली तरी पोरगी भेटली असेल वाटेवर, शहाणी, स्वच्छ बोलणारी, नावाला अर्थ असलेली. लग्न झालेली बाई मी, पोटात सहावा महिना, आणि माहेरच्या अंगणात बसून जळत होते. कुणाला सांगितलं तर लोक हसतील.

पुढं मेंढरं गेली. काका म्हणायचे ते खरं झालं, माळ उरला नाही. तात्या गेल्या चैत्रात गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत, पण दिवस कलला की ओठ हलायचे. आई कान लावायची. मी लावला नाही. मला वाटायचं, कुणाचं नाव घेतात ते मला ठाऊक आहे.

त्या नव्या आईच्या मोबाइलवर ती यादी बघितली आणि मला राहवेना. लसीकरणाच्या कामात ओळख झालेल्या एका सिस्टरकडून नंबर मिळवला. राहेल इंदापुरातच होती, आईसारखीच सिस्टर झालेली. मी बारामतीहून एस.टी. पकडली. वाटेत कारखान्याच्या मळीचा वास, बैलगाड्यांच्या जागी ट्रॉल्या, आणि माझ्या मनात एकच वाक्य, की लांडगा खोटा होता. तात्या होते तोवर हे बोलायची माझी छाती झाली नव्हती.

तिच्या दारावरच्या पाटीवर रेचल लिहिलं होतं. ती हसून म्हणाली, "इथं सगळे तेच म्हणतात. नव्या डॉक्टर मॅडमनी सुरू केलं, मीही मग पाटी तशीच केली." केस पांढरे झालेले, चष्मा, पण बोलणं तसंच. तिनं चहा ठेवला. चहा उकळायच्या आत मी सगळं ओकून टाकलं. मंगल एक, गॅदरिंग, लांडगा.

"लांडग्याचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तात्याच घेऊन आले की त्या मेंढीला. आम्ही इथं आलो त्याच्या पुढच्याच साली. मागच्या दारी मेंढरं थांबवली आणि मला म्हणाले, आमचा पाव्हणा लई भला हाय बाय, नेलेली माघारी आनून सोडली. तुझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी पण विचारलं नाही." मग चहा गाळत म्हणाली, "गॅदरिंगचं मात्र लागलं होतं. अजून मांडव बघितला की माझे पाय जड होतात. ते तू सांगितलंस ते बरं केलंस, पण ते गेलं असं मी म्हणणार नाही."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच अडकलं होतं. "म्हणजे तात्या एकदा आले होते इथं?"

"एकदा? मेंढरं होती तोवर दर वर्षी. या मागच्या पायरीवर बसायचे. चहा बशीत ओतून प्यायचे."

दर वर्षी. माझ्या घरी, कऱ्हाटीला, लेकीच्या घरचं पाणी कसं प्यायचं म्हणून उंबऱ्याबाहेरून माघारी जाणारा माणूस हिच्या पायरीवर बसून चहा पीत होता. पंचेचाळीस वर्षांची झाले मी, माफी मागायला आले होते, आणि हातातला कप आपटावा असं वाटलं. राहेलनं माझ्या तोंडाकडं बघितलं असावं. ती उठली आणि मागचं दार उघडलं. तिथं आता मोटारसायकल लावलेली होती.

"तुझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट," ती म्हणाली. "संध्याकाळ होती. मेंढरं त्या तिकडं पांगलेली. तात्या इथं उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, मंगलऽ. मी दचकून इकडंतिकडं बघितलं. म्हटलं, तू आलीस सोबत. तर त्या गर्दीतून एक मेंढी धावत आली. कानावर ठिपका, गळ्यात लाल दोरा. येऊन त्यांच्या पोटाला डोकं घासायला लागली."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, तात्या, तिला माहीत आहे का? तर म्हणाले, सांगू नगंस. लेकीचं नाव मेंढराला दिलं म्हनून तिच्या सासरची हसत्याल. पर काय करू बाय, तोंडाला सवय लागल्याली. ती घरात व्हती तवा मनात यायची ही हाक, पर मारली न्हाय, आन् आता मारल्याबिगर दिस मावळत न्हाय." राहेलनं दार ओढून घेतलं. "सगळी विकली ना त्यांनी शेवटी. तिला मात्र बाजार दाखवला नाही. म्हातारी होऊन त्यांच्यापाशीच मेली ती."

परतीच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. सणसरच्या पुढं उसाच्या कडेनं एक कळप चालला होता, पाठीवर हुरमुंज. ड्रायव्हरनं वेग कमी केला. म्हातारा मेंढका हात वर करून काहीतरी ओरडत होता, काच बंद होती म्हणून ऐकू आलं नाही.

राहेलचा हेवा मी इंदापुरातच सोडून आले होते. पण त्या ठिपक्याच्या कानाच्या मेंढीचा मला असा काही हेवा वाटला, की पदर तोंडात धरून बसले. तिला तात्यांनी रोज संध्याकाळी हाक मारली होती.